खाडीचा वाटाड्या

जिताडा जन्मतो तो नर म्हणून. खाडीत, खाजणात, कधी नदीच्या गोड्या पाण्यात वर चढून तो काही वर्षं वाढतो, वयात येतो आणि पावसाच्या तोंडावर खाडीच्या मुखाशी उतरून विणीत भाग घेतो. पुढे अंग भरलं, वजन साधारण सहा-सात किलोंच्या पलीकडे गेलं, की त्याच माशाची मादी होते. म्हणजे खाडीतला खरा मोठा जिताडा जवळजवळ नेहमी मादीच असतो आणि तिच्या एका विणीत लाखो अंडी असतात. गळाला असा मासा लागला की आनंदाने ओरडणाऱ्या पाहुण्याला हे ठाऊक नसतं. होडीच्या मागच्या टोकाला बसलेल्या माणसाला ते ठाऊक असलं, आणि मासा परत सोडण्यात त्याचं स्वतःचं हित असलं, तर खाडी टिकते. मला या लेखात सांगायचं आहे ते त्या माणसाबद्दल.

आम्ही नंदुरबारकडची माणसं. आमच्या कळसाडी गावाला समुद्र नाही, आमच्या जिल्ह्यालाच नाही. पण इथल्या शिवारात पडलेलं पावसाचं पाणी तापीतून नाहीतर नर्मदेतून वाहत अखेर खंबातच्या आखातातच पोचतं. दिवाळीच्या सुट्टीत गाड्या भरून कोकणात उतरणाऱ्यांत आता खानदेशातली कुटुंबंही असतात. किल्ला बघायचा, तारकर्लीला पाण्याखाली डोकं घालून मासे बघायचे, डॉल्फिन दिसले तर दिसले, आणि मालवणी थाळी जेवून परत. गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. होडी ठरवायची, सोबत ती चालवणारा तांडेल घ्यायचा आणि खाडीत किंवा किनाऱ्यालगतच्या खडकांपाशी जाऊन गळाने मासे धरायचे. ही सफर कोण चालवतं, तिच्यातून कोणाचं घर चालतं आणि पाण्याचं काय होतं, हे बघायला हवं. धरणांच्या पाण्याकाठी राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर आवर्जून.

पाणी उतरू लागतं तेव्हा

सिंधुदुर्गात गरवायला जाणं नवीन नाही. गरी, तंगूस, शिशाचा तुकडा आणि आमिषाला कोळंबी, एवढ्या सामानावर तिथल्या पोरांच्या कित्येक पिढ्या खडपांवर बसून मोठ्या झाल्या. मुंबई, पुणे आणि गोव्यातल्या हौशी लोकांनी त्यात रॉड, रीळ आणि माशासारखी दिसणारी नकली आमिषं आणली. गळाची हौस महाराष्ट्रात जुनीच आहे. मुंबईत पवईच्या तलावाकाठी तिची संघटनाही आहे. मात्र खाऱ्या पाण्यातली हौस तलावासारखी काठावर बसून भागत नाही. तिथे पाण्याची वेळ कळावी लागते, आणि ती कळणारा माणूस बरोबर लागतो.

सिंधुदुर्गचा किनारा या कामासाठी घडवल्यासारखा आहे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तळाशील-सर्जेकोटच्या मधून कालावलची खाडी बाहेर पडते, उत्तरेला विजयदुर्गाजवळ वाघोटणची खाडी आणि दक्षिणेला गोव्याच्या सीमेवर तेरेखोलची. प्रत्येक खाडीच्या आत कांदळवन, मुखाशी वाळूची दांडी आणि बाहेर खडक. कांदळवनात तांबोशी आणि जिताडा, वाळूवर मुडदुशी, उथळात शेवटे, खडकांत गोबरा, आणि थोडं बाहेर गेलं तर इसवण, म्हणजे देशावरची सुरमई. पाणी वर्षभर उबदार असल्यामुळे काहीतरी गळाला लागण्याची शक्यता बाराही महिने असते.

आता खाडीतली एक वेळ जवळून बघा. भरती पूर्ण भरलेली आहे. कांदळाच्या मुळ्यांमध्ये पाणी शिरलंय आणि त्या पाण्याबरोबर कोळंबी, शेवट्यांची पिल्लं, चिंबोऱ्या आत चरायला गेल्यात. पाहुण्याला वाटतं, एवढं पाणी आहे, गळ टाकावा. तांडेल थांबवतो. "अजून थांबा, सुकती लागांदे." पाणी उतरू लागलं की आत गेलेला सगळा जीव अरुंद ओहळांतून बाहेर यायला निघतो. त्या ओहळाच्या तोंडाशी, प्रवाह जिथे खाडीच्या मोठ्या पाण्याला मिळतो तिथे, गढूळ आणि स्वच्छ पाण्याची एक रेघ उमटते. मोठा मासा त्या रेघेच्या आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो. इंजिन बंद करून, होडी काठीने रेटत, सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने तांडेल तिथे पोचतो. आमिष टाकायचं ते ओहळाच्या आत, आणि प्रवाहाने ते रेघेपर्यंत आणायचं. तांबोशी ओढते ती सरळ मुळांकडे. मग एकच सूचना येते, "दोरी सैल सोडू नकात, मुळांत जायत."

हे ज्ञान छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकात मिळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी किती जोरात खेचतं, अष्टमीच्या आसपासच्या भांगेला ते किती संथ असतं, पहाटेचा मतलई वारा कधी पडतो आणि दुपारचा खारा वारा कधी उठतो, गेल्या पावसात वाळूची दांडी किती सरकली, हे सगळं त्या एका खाडीचं ज्ञान असतं. शेजारच्या खाडीतल्या माणसाला ते जसंच्या तसं कामाला येत नाही. सफरीची खरी किंमत याच ज्ञानाची आहे. होडी आणि रॉड कोणालाही विकत घेता येतात.

सोडलेला मासा जगावा म्हणून

मासा सोडून द्यायचा ही कल्पना किनाऱ्यावरच्या माणसाला आधी पटत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. ज्याच्या घरी चूल माशावर पेटते त्याने हातातला मासा पाण्यात का टाकावा? उत्तर हिशेबाचं आहे. बाजारात गेलेला जिताडा एकदाच विकला जातो. तोच जिताडा खाडीत राहिला तर तो गळाला लागावा म्हणून पाहुणे पुन्हा पुन्हा येतात, आणि दरम्यान तो अंडीही घालतो. जेवणापुरता मध्यम मासा ठेवायला कोणाची हरकत नाही. प्रश्न मोठ्या माद्यांचा आहे.

सोडणंही शिकावं लागतं. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला की ती जबड्यातून अलगद निघते. जिवंत आमिषाला गोल वळणाची गरी वापरली तर ती पोटात न जाता तोंडाच्या कोपऱ्यात अडकते. मासा कोरड्या हाताने धरायचा नाही. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्याला रोग जडतो. जबड्याला धरून उभा लोंबकळत ठेवायचा नाही, एक हात पोटाखाली हवाच. जिताड्याच्या गालफडाच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. त्या तंगूस कापतात आणि निष्काळजी बोटंही. फोटो झाला की माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात धरून ठेवायचं. कल्ले नीट हलू लागले, शेपटीने जोर केला, की हात काढायचा. खोल पाण्यातून झपकन वर ओढलेल्या गोबऱ्याचं मात्र असं होत नाही. त्याची हवेची पिशवी फुगलेली असते, तो पोट वर करून तरंगत राहतो. म्हणून खोल खडकावर पुरेसे मासे मिळाले की गळ गुंडाळायचा आणि जागा सोडायची. चांगला तांडेल पाहुणा नाराज झाला तरी ते करतो.

दूरच्या दोन उपसागरांचे धडे

अमेरिकेत फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, टँपा बे आणि त्याच्या खालच्या उबदार उपसागरांत, अशा सफरींचा मोठा धंदा आहे. तिथला लाडका मासा स्नूक. रूपाने, सवयीने आणि कांदळवनाच्या आवडीने तो आपल्या जिताड्याचा भाऊबंद शोभतो, आणि तोही आधी नर असतो व नंतर मादी होतो. तिथल्या सरकारने हे ध्यानात घेऊन नियम केला. मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला 28 ते 33 इंच लांबीचाच स्नूक घरी नेता येतो, माणशी दिवसाला एकच. त्याहून लहान सोडायचा आणि त्याहून मोठाही सोडायचा. विणीच्या महिन्यांत सगळेच सोडायचे. आणि सफर नेणाऱ्या कॅप्टनला स्वतःच्या नावावर एकही ठेवता येत नाही. 2010 च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीने तिथे स्नूक मोठ्या संख्येने मेले, तेव्हा आखाताच्या बाजूला 2013 च्या सप्टेंबरपर्यंत एकही मासा घरी नेऊ दिला नाही. त्या काळातही धरून सोडण्याची मुभा होती, त्यामुळे वाटाड्यांच्या हातचं काम पूर्ण गेलं नाही.

आपल्याकडे 2023 मध्ये राज्य सरकारने 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. राज्यमासा झालेल्या पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. लहान मासा वाचवण्याचं हे मोठं पाऊल आहे. पण ही खालची मर्यादा आहे. मोठ्या मादीला वाचवणारी वरची मर्यादा जिताड्यासाठी गळाच्या सफरींना तरी घालायला हवी, आणि त्यासाठी सरकारच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. एखाद्या खाडीतल्या तांडेलांनी एकत्र बसून ठरवलं तर ते उद्यापासून लागू होऊ शकतं.

दुसरा धडा ऑस्ट्रेलियाचा. तिथे आपल्या जिताड्यालाच बॅरामंडी म्हणतात आणि उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरीत त्याच्यामागे देशभरातून लोक येतात. 30 जुलै 2008 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लू मड बे या उपसागराच्या खटल्यात निकाल दिला, की आदिवासींच्या जमिनीला लागून भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जे पाणी येतं, त्यात कोणी यायचं हे ठरवण्याचा अधिकार त्या जमिनीच्या मूळ मालकांचा आहे. त्या टेरिटरीच्या किनाऱ्याच्या बहुतांश भागाला हा निकाल लागू पडतो. गळ घेऊन येणाऱ्या पाहुण्याने योल्ङू आणि इतर आदिवासी समाजांशी बोलणी करावीत, त्यांची परवानगी घ्यावी, हे त्यामुळे कायद्याने पक्कं झालं. पाण्यावरचा हक्क आधी आणि पर्यटन नंतर, असा तो क्रम आहे.

एका रात्रीत रिकामी होणारी खाडी

आपल्या किनाऱ्यावर हा क्रम अजून ठरलेला नाही. मालवणचे रापणकर आणि लहान होडीवाले कित्येक वर्षं पर्ससीन जाळ्यांविरुद्ध झगडत आले आहेत. या जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 रोजी राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले. एलईडीच्या प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून धरण्याला 2017 मध्ये केंद्राने बंदी केली. 1981 चा सागरी मासेमारी कायदा 2021 मध्ये दुरुस्त होऊन दंड वाढले. तरीही रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसल्याच्या तक्रारी दर हंगामात होतात. गळाच्या सफरीवाल्याने वर्षभर जपलेली जागा अशा एका रात्रीत रिकामी होते. म्हणून तांडेलाला केवळ पर्यटन व्यावसायिक समजून चालणार नाही. पारंपरिक मच्छीमाराची लढाई तीच त्याचीही लढाई आहे.

1 जून ते 31 जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी यांत्रिक होड्यांना समुद्रात जाण्यापासून अडवते. खाडीच्या काठावरून गळ टाकणाऱ्याला ती अडवत नाही. नेमक्या याच दिवसांत जिताडा विणीसाठी मुखाशी उतरतो आणि भुकेला असतो. त्या दोन महिन्यांत काठावर किंवा लहान होडीत पाहुणे नेणारे अनेक असतात, मोहही मोठा असतो. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची कोळ्यांची रीत खाडीलाही लावली पाहिजे.

मालवणच्या समोरचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29.12 चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. सुरुवातीला मच्छीमारांचा त्याला विरोध होता, कारण पाण्यावरचा आपला हक्क जाईल ही भीती होती. ती भीती समजून घेतल्याशिवाय कोणतंही संरक्षण टिकत नाही. याउलट वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या कोळी बायकांनी 2017 मध्ये कांदळवनाची होडीसफर सुरू केली. होडी त्यांची, वल्हं त्यांच्या हातात, झाडांची आणि पक्ष्यांची ओळख करून देणाऱ्याही त्याच. तिथे गळ नाही, पण गळाच्या सफरीने घ्यावा असा नमुना तिथे उभा आहे. ज्यांचं पाणी, त्यांचीच सफर, त्यांचीच मिळकत.

उकाई आणि नर्मदेच्या फुगवट्यावर

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. गुजरातमधलं उकाई धरण 1972 मध्ये झालं आणि तापीचा फुगवटा नवापूर व नंदुरबार तालुक्यांत शिरला. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली. 2019 च्या सप्टेंबरमध्ये ते धरण प्रथमच 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. ज्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणी कुटुंबांची शेतं पाण्याखाली गेली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी त्याच पाण्यावर होडी घातली आणि मासेमारी शिकली. नांगर धरणारे हात जाळं विणू लागले. वाहत्या पाण्याचा महाशीर धरणाने हटवला, त्याच्या जागी कटला, रोहू यांचं बीज सोडलं गेलं. खालच्या बंधाऱ्यांमुळे समुद्रातून वर चढणाऱ्या जिताड्यासारख्या माशांची वाटही तापीत बंद झाली.

या पाण्यावर गळाच्या सफरी निघू शकतात. सातपुड्याच्या कड्यांमधून आत शिरलेलं नर्मदेचं पाणी महाराष्ट्रात दुसरीकडे बघायला मिळत नाही, आणि बुडालेल्या शिवारात झाडं कुठे होती, नाला कुठे होता, हे तिथल्या मच्छीमाराइतकं कोणाला माहीत? ते त्याचंच शेत होतं. मोठा कटला त्याच बुडालेल्या नाल्यांच्या कडेने फिरतो. पण सफर सुरू होण्याआधी हक्क ठरला पाहिजे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सामूहिक हक्कांत पाण्यातल्या माशांचाही समावेश केला आहे. ग्रामसभांनी तो दावा आधी करावा, मच्छीमार संस्थांनी आपल्या नावावर पाणी करून घ्यावं, आणि मगच पाहुण्याला बोलवावं. उलट झालं तर बाहेरचा ठेकेदार तंबू आणि मोटरबोटी घेऊन येईल आणि ज्यांचं शेत बुडालं ते त्याच्याकडे रोजंदारीवर होडी वल्हवतील.

याचा इशारा कावेरीने दिलेला आहे. 1972 मध्ये बंगळुरूच्या हौशी मंडळींनी दक्षिण भारत वन्यजीव संघटना काढली. भीमेश्वरी, गालिबोर या पट्ट्यात महाशीर धरून सोडण्याच्या सफरी निघाल्या. पूर्वी चोरून मासेमारी करणारे गावकरीच वाटाडे आणि पहारेकरी झाले, मोठे महाशीर पुन्हा दिसू लागले. पण तो पट्टा अभयारण्यात होता आणि वाटाड्यांकडे होती ती केवळ परवानगी. वन्यजीव कायद्याचा अर्थ बदलला, सफरी बंद झाल्या, माणसं नदीवरून हलली. त्यानंतर सुरुंग लावून मासे मारण्याचे प्रकार वाढल्याची चिंता अभ्यासकांनी व्यक्त केली. परवानगी एका कागदाने जाते. हक्क इतक्या सहज जात नाही.

सफरीने सगळ्यांचं भलं होईल असं मी म्हणत नाही. घराचं पोट जाळ्यावरच भरणार, सफर ही त्यावरची जोड. दहा घरांच्या पाड्यात दोन होड्यांना पुरेल एवढंच काम असेल. पण त्या दोन होड्या मोठा मासा मोजतील, सोडतील, सुरुंगवाल्याला ओळखतील आणि आपल्या पाण्यासाठी बोलतील. पाण्यावर रोज जाणारा असा माणूस कोणत्याही खात्याला पगार देऊन मिळत नाही.

या दिवाळीत किंवा पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही मालवणला, वेंगुर्ल्याला, विजयदुर्गला गेलात आणि गळाची सफर घ्यायचं ठरवलंत, तर आधी चार गोष्टी विचारा. होडी कोणाची आहे? तिला प्रवासी नेण्याचा परवाना आहे का, आणि प्रत्येकासाठी जॅकेट आहे का? मासा मोजायला पट्टी आहे का? मोठा जिताडा सोडता का? उत्तरं सरळ मिळाली नाहीत तर दुसरी होडी बघा. आणि सफर झाल्यावर, दिवसभरात एकही मासा लागला नसला तरी, ठरलेले पैसे घासाघीस न करता पूर्ण द्या. ते पैसे वाट दाखवण्याचे असतात, आणि वाट त्याने दाखवलेली असते.